गब्बाला कळू नये म्हणून

— नको रे, तो सायलेन्सर नको, फारच हलका आहे. हलका म्हणजे ओरडणार. तू दक्षिणेकडचा ना, सामुली? तरीच. पोरांना आवडते ओरडणारी स्नोमोबाईल, मला नाही. माझ्या सायलेन्सरला खालून भोक पडलंय बघ, गंजून — अख्ख्या गावाला कळतं पिएरा निघाला ते. मला गप्प गाडी हवी. पण ओढायला हवी हं — मागे सरपणाची घसरगाडी, टेकडीचा चढ, गुडघाभर बर्फ. हा जाड डबा इंजिनाचा गळाच दाबेल, आणि मी मध्येच रुतलो तर या कमरेनं गाडी उपसणार कोण?

तळ्यावरून का नाही जात? तळ्यात बर्फावर पाणी चढलंय, गाडी बसते त्यात. म्हणून रस्ता एकच, एल्लेच्या कुंपणाला लागून. एल्ले म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. माझे रेनडिअर तिनं घेतले, कमरेनं दगा दिला तेव्हा — माझा मुलगा ओउलू शहरात बस चालवतो, त्याला काय करायचेत? — किती होते? असं विचारू नये बाळा. आमच्यात नाही विचारत. तुझ्या बँकेत किती आहेत, असं विचारतो का मी? होते. पुष्कळ होते.

तर त्यांना ही गाडी माहीत आहे. हिवाळाभर हिच्यावरूनच चारा न्यायचो ना मी — आवाज आला की झाडीतून निघायचेच. आता एल्ले समोर चारा टाकते, आणि मी रस्त्यानं गेलो की ते तोंडातला घास टाकून कुंपणाकडे धावतात. पोटुशा माद्या आहेत, त्यांनी असं पळावं का? एल्ले वैतागते, वैतागणारच. म्हणून सायलेन्सर.

पुढे गब्बा असतो. पांढराशुभ्र, खच्ची केलेला, गळ्यात घंटा — तो निघाला की बाकीचे मागून. मी थांबत नाही. थांबून काय करू, हात रिकामे. तो आतून गाडीच्या बरोबरीनं पळतो, पळतो — मग कुंपणाचा कोपरा येतो. मी मागे बघत नाही. घंटा थांबते, त्यावरून कळतं. — इंजिनाच्या आवाजात घंटा कशी ऐकू येते म्हणतोस? येते.

आणि एल्ले कुठली वैतागते! एक शब्द नाही बोलली पोर. उलट म्हणते, काका, थांबत जा ना, तुमच्या हातानं मूठभर शेवाळ घाला त्यांना. नाही जमत मला. घालायचं आणि निघून यायचं, ते कसं जमावं?

मग जातो कशाला? — सरपणाला. सांगितलं ना. — नाही, आहे म्हणा घरात सरपण. दोन हिवाळे पुरेल. बायको म्हणते, आता माझ्या डोक्यावर रचता का? — लांबून बघायचं असतं रे. एवढंच. झाडाआड थांबून, त्यांना न कळता. ते आपले खात असावेत, मी आपला बघत असावा.

तो मधला लाव बरं, तात्पुरता. हां. आता चालू कर. — रेस दे थोडी, जरा जोरात — दम आहे की, चढेल टेकडी.

हं.

माझी वाटतच नाही गाडी. कुणाची तरी वाटते. हा आवाज नाही ओळखणार तो. मानही वर करणार नाही.

बंद कर. — अरे, बंद कर म्हटलं ना! हाच बसव, घट्ट बसव. मी बाहेर उभा आहे. नको, कॉफी नको. तू तुझं काम कर.