चुलीवरचं टपटप

“नवं घर बांधून चुलीवर छत्री धरायची पाळी आली की हो!”

सिमेंटच्या परमिटची रांग हलेना, तसं काशम्माच्या पुढं उभ्या गिरिजाबाईंचं तोंड सुटलं. शेजारी त्यांचे मालक गुरप्पा आणि हातात अर्ज धरलेला जावई, मल्लिनाथ.

“स्लॅब गळतोय व्हय?” काशम्मानं विचारलं. तिच्या घरानं चार गवंडी पचवले होते.

“लई. पण काम जावयांच्या हातचं हाय, एकदम सुबक!”

“सिमेंटातच गुठळ्या हुत्या,” गुरप्पा म्हणाले.

“न्हाय वो, माझंच चुकलं. वर मिरच्या वाळवल्या म्या.”

“मिरच्यांनी स्लॅब गळतोय व्हय, बाई? सिमेंट मागनं फासा. आदी वर दोन घागरी पाणी ओता, कुटं जातंय बघा.”

गुरप्पांनी टोपी सारखी केली.

“जावईबापू, उसाचा रस घेता का?” गिरिजाबाई घाईनं म्हणाल्या.

मल्लिनाथानं अर्जाची घडी घातली.

“रस ऱ्हाऊ द्या, मामी. पाणी ओतून बघितलंय मी. पाण्याचा ढाळ पन्हाळीकडं काढायचा सोडून मीच तुमच्या चुलीकडं काढलाय.”