तीस टक्क्यांची सुकट

खरं सांगते, हवामानशास्त्र परदेशात शिकून आले तेव्हा वाटलं होतं, गाव मला प्रश्न विचारून भंडावून सोडेल. शिरवण्यात माझा उन्हाळ्याचा अंदाज ऐकायला चार माणसं आली. उष्णतेची लाट, वादळी पाऊस, सखल भागात साचणारं पाणी, सगळं नकाशांसह सांगितलं. प्रश्न एकच आला, शेजारच्या जनाकाकीचा.

"पावसाल्याची सुकट उद्या गच्चीवर घालू का नको?"

"काकी, वादळी पावसाची शक्यता तीस टक्के आहे."

"मंजे घालू ना?"

"शक्यता तशी कमीच आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऊन भाजत होतं. चार वाजता आभाळ फाटलं. चार महिन्यांची सुकट आम्ही दोघींनी चिखलासारखी घमेल्यात भरली. संध्याकाळी तिला वास सुटला. काकी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "टक्के तुजे तीस, पोरी. भिजली ती आमची सगली."

सकाळी नकाशा पाहिला आणि तिचं दार वाजवलं.

"काकी, आज गच्चीवर काही घालू नका."

"आता घालायला हाय काय?"

टक्के यापुढे माझ्या वहीतच राहतील, असं ठरवून मी पुढचं दार वाजवलं.