पायाचा अंगठा ढिला सोडा

…अन् वरून योगावाली मॅडम म्हणते, ढिलं सोडा! आता तुम्हीच सांगा, सातवा महिना लागलेल्या बाईनं ढिलं सोडाचं तं काय काय सोडाचं? पाठ सोडली तं कंबर धरते, कंबर सोडली तं पोट ओढते, अन् डोकं ढिलं सोडाव म्हटलं तं तिथं डॉक्टरीण बाई ठाण मांडून बसेल असते! "मंजुश्री, गोळ्या देऊनही बीपी उतरत नाहीये. असंच राहिलं तर भरती करून बाळ लवकर काढावं लागेल. आणि अजून फार लहान आहे गं ते. तेव्हा टेन्शन घेऊ नकोस." हे घ्या! असं ऐकल्यावर कोणाचं बीपी उतरते हो? तुमचं उतरन?

बरं, टेन्शन कायचं हाये हे तिलेही माहीत अन् मलेही माहीत. मागच्या खेपेले पाचव्या महिन्यात गेलं माह्यं. दवाखान्यातून रिकामी आली. ना तोंड पाह्यलं, ना मांडीवर घेतलं… त्याच्यावर घरात कोणी बोलत नाही. बोलत नाही, पण मी नुसती शिंकली तरी सगळे माह्या पोटाकडे पाह्यतात! नवरा प्रसेनजित, नोकरीले मलकापुरात, तिथून सारखा फोन. "मंजू, टेन्शन नाही ना घेऊन राह्यली? नाही ना? मंग आवाज असा काऊन येऊन राह्यला? खरं सांग, घेतलं ना?" अहो, तुम्ही फोन ठेवा, म्हणजे नाही घेत! शेजारच्या विमलबाई, ते तं भिंतीवरून मुंडकं काढूनच बसेल असते. "आराम कर वं बाई, आराम! आमच्या धामणगावच्या एका पोरीनं आराम नाही केला तं…" अन् मंग त्या पोरीचं काय झालं ते मले साग्रसंगीत ऐकवल्याबिगर तिच्या घशाखाली चहा उतरत नाही.

म्हणून डॉक्टरीण बाईनंच पाठवलं योगाले. पोटुशा बायाईचा हलकाफुलका योगा, भर दुपारी, आमच्या खामगावच्या एका जुन्या, कापसाच्या जिनिंगात. जिनिंग बंद पडून लय वर्षं झाली. मशीनी उचलल्या, फरशी धुतली, चटया टाकल्या, अन् दारावर फलक लावला, 'मातृत्व योग केंद्र'. फलकानं काय होते? वर पाहा तं त्याच काळ्या तुळया, तुळयाईले लोखंडी कड्या, अन् कुठल्या फटीत अजून कापूस अडकेल हाये कोण जाणे, मधातच एखांदा रुईचा पुंजका खाली येते, हवेत रेंगाळते, अन् बरोबर आपल्या पोटावर येऊन बसते. मी म्हटलं, हे काही बरं नाही.

संगं पहारेकरी म्हणून माह्यी सासू, जनकाबाई. "मी येते. पडली-झडली तं?" अन् आली की दाराशी भिंतीले टेकून बसते, पाय लांब करते, अन् आम्ही चटई उलगडाच्या आधी घोराले लागते. झाला पहारा!

शिकवाले अश्विनी मॅडम. पोरगी इथचीच, पण कोर्स पुण्याचा. बोलणं असं मऊ, की तिच्यापुढं आपलं 'हाव'सुद्धा भांडणासारखं वाटते. "मैत्रिणींनो, डाव्या कुशीवर या… गुडघ्यांमध्ये उशी घ्या… श्वास घ्या… आणि सोडा… आता उजव्या पायाचा अंगठा ढिला सोडा…"

मी सोडला. अन् तुम्हाले सांगते, कोणीतरी तो ओढला!

जोरात नाही बरं. अंगठ्याले बारीक दोरी गुंडाळेल असावी, अन् पलीकडून कोणी हळूच ओढावं, तसं. ओढला… सोडला. ओढला… सोडला. मले वाटलं मुंगी असन. मंग वाटलं पायात गोळा आला असन. तेवढ्यात वरून आवाज, कुई… कुई… पंखा म्हणाव तं तिथं पंखाच नाही! हळूच एक डोळा उघडला. पुढं सगळ्या बाया डाव्या कुशीवर, सगळ्याईच्या पाठी माह्याकडे, अन् बाप्पा! सगळ्याईचे उजवे अंगठे हालून राह्यले! एका तालात! पुढं… मागं… पुढं… मागं… मी माह्या अंगठ्याकडे पाह्यलं, तं तोही त्याईच्यातच सामील. थांब म्हटलं तं थांबेना. माह्याच घरचं माणूस, पण माह्यं ऐकेना! दाराकडे पाह्यलं, तं सासू तोंड उघडं टाकून घोरून राह्यली, अन् तिचाही अंगठा… पुढं… मागं… अन् मॅडम तिकडे मांडी घालून, डोळे मिटून म्हणते, "छान… अगदी स्थिर…" स्थिर म्हणे! इथं आख्खं जिनिंग चालू झालं, अन् ही म्हणते स्थिर!

मले बोंबलाचं होतं हो. पण अंग असं ढिलं पडेल होतं, की जबडाच उचलेना. लग्न झाल्यापासून मी इतकी ढिली कधीच पडली नव्हती. भेव इकडून, अन् झोप तिकडून. झोप जिंकली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टा बांधला, फुस्स फुस्स केलं, अन् डॉक्टरीण बाई चष्म्यावरून पाहाले लागली. "अगं, उतरलं की! काय केलंस?" काय सांगू? म्हटलं, "ढिलं सोडलं."

आता हे घरी कोणाले सांगाव? आमचं घर बुद्धाचं. भूतबित मानत नाही आम्ही. सासऱ्यानं तं हयातभर गावोगाव त्याच्यावरच भाषणं केली. विमलबाईचं बरं हाये, दाराले लिंबू-मिरच्या बांधल्या की ते मोकळी. आम्हाले भेवाची सोयच नाही! तरी मी प्रसेनजितले फोनवर सांगितलं. तो म्हणे, "मंजू, आपण भूत मानतो का?" "नाही मानत." "मंग?" "मंग काही नाही." "टेन्शन घेऊन राह्यली ना?" ठेवला फोन.

शेवटी राहावलं नाही, अन् क्लासच्या बायाईजवळ तोंड उघडलं. तं काय सांगू! सगळ्याईच्या पोटात तेच, अन् सगळ्या गुपचूप! एक म्हणे, मले वाटलं कॅल्शियम कमी पडलं. दीपमाला तं रडालेच लागली, म्हणे मी घरी अंगठ्याले पट्टी बांधून झोपते. झालं, सगळ्या गेल्या मॅडमकडे, अन् मॅडमनं क्लास हलवला एका नव्या मंगल कार्यालयात. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, एसी, अन् मोबाइलवर झऱ्याचा आवाज. खळखळ, खळखळ… त्यानं कोणाले शांती भेटली माहीत नाही, पण सगळ्याईले लघवीले लागे! "अंगठा ढिला सोडा…" सोडला. पडला. बटाट्यासारखा पडून राह्यला. बिलकुल हालला नाही. मी तुळया शोधून राह्यली अन् वर फक्त पांढरं छत.

अन् बीपी? चढलं ना! पहिल्यापेक्षा जास्त. पायावर सूज. डॉक्टरीण बाई या वेळी काही रागावली नाही, अन् तेच वाईट. हळू आवाजात म्हणे, "परवा पुन्हा पाहू. नाही उतरलं तर बॅग भरूनच ये." बॅग भरून! मागच्या खेपेची बॅग मी अजून उघडली नाही वो, त्याच्यात टोपडी हायेत…

घरी आली अन् भिंतीकडे तोंड करून पडली. सासू आली. कपाळाले हात लावला, पायाची सूज दाबून पाह्यली, अन् म्हणे, "चाल. ऊठ. ऑटो बोलावला."

"कुठं?"

"जिनिंगात."

"आई, तिथं…"

"माहीत हाये मले तिथं काय हाये. त्या कड्या कायच्या वाटल्या तुले? माह्यी माय त्याच जिनिंगात कामाले व्हती. बाया खाली बसून कापसातला कचरा वेचत, वर कडीले लुगड्याची झोयी, झोयीत लेकरू, अन् दोरी पायाच्या आंगठ्याले. हात मालकाचे, आंगठा लेकराचा. एखांदं राह्यलं असन झोपाचं."

"म्हणजे भूत?"

"भूत नसते म्हणून तुह्या सासऱ्यानं घसा फोडला ना जलमभर! भूत नाही वं ते. लेकरू हाय."

"कोणाचं?"

"म्या काय दाखला पाह्यला त्याचा? कोणाचं बी असो. रडलं तं हलवा लागते."

"मंग हे तुम्ही मले आधी काऊन नाही सांगितलं?"

"टेन्शन द्याचं नाही म्हणे ना डॉक्टरीण!"

मी उशी काखेत मारली अन् ऑटोत बसली.

भर दुपारचं जिनिंग. आम्ही दोघीच. चौकीदारानं दार उघडलं अन् आत नाही आला. मी डाव्या कुशीवर झाली, उशी घेतली, अंगठा ढिला सोडला. काहीच नाही. आवाज नाही, दोरी नाही. अन् तुम्हाले खरं सांगते, तेव्हा मले जे भेव वाटलं, तसं तं पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं. माणूस काही झालं तं भेते, मी काही होत नाही म्हणून भेऊन राह्यली! गेलं असन का ते? आम्ही सगळ्या त्याले तसंच टाकून टाइल्सवर जाऊन झोपलो… मले माह्यं ते आठवलं. त्यालेही मी एकदासुद्धा जोजवलं नाही. लय रडली मी. उशी ओली झाली.

मंग म्हटलं, मीच हलवते. अन् अंगठा आपल्या मनानं हलवला. रिकामा हालला. अजून हलवला. अन् हळूच… दोरीले वजन आलं. भरलेल्या झोळीचं येते तेवढं. वर कडी बोलली, कुई… कुई… मी हलवत राह्यली, किती वेळ माहीत नाही, अन् एकदम चहूकडे शांत झालं. म्हणजे कसं, चक्की बंद पडल्यावर समजते ना, की आतापर्यंत चक्की चालू होती? तसं. रडणं थांबलं, तेव्हा मले समजलं, की इतके दिवस तिथं कोणीतरी रडून राह्यलं होतं. अन् पोटात माह्यं बाळ एका बाजूचं दुसऱ्या बाजूले वळलं, जागा केली, अन् तेही झोपलं. दाराशी सासू जागीच होती. मॅडमचा आवाज काढून म्हणे, "आता ढिलं सोड, मंजे."

बॅग उघडा लागली नाही. बीपी उतरलं. सूज गेली. आता नववा चालू हाये अन् बाळाचं वजन पूरं हाये. क्लासही परत जिनिंगातच आला. सगळ्या बाया आपणहून आल्या, कोणी कोणाले काही विचारलं नाही. दीपमालानं पट्टी सोडली. फक्त मॅडम अजून म्हणते, "अगदी स्थिर…" म्हणू द्या.

काल डॉक्टरीण बाई खूश होऊन म्हणे, "बघ, हेच हवं होतं मला. काही काम नाही, काही जबाबदारी नाही, नुसता आराम! करतेस ना?"

"हाव," म्हटलं, "करते."

काय सांगू तिले? बाईच्या जातीले ढिलं पडाचं असन, तं त्याच्याआधी कोणाचं तरी लेकरू झोपवा लागते!