बर्फाचे त्रेसष्ट नकाशे

…नाही, दिवाणखान्यात लावले ते मी गिळलं, जिन्यात चिकटवले तेही गिळलं, पण संडासात? तुम्हाला सांगतो, माणूस सकाळी जरा निवांत बसावं म्हणून आत जातो, कडी लावतो, मान वर करतो आणि समोर काय, तर बर्फाचा डोंगर! काचेच्या फ्रेममध्ये. त्या डोंगरावरून हिरव्या, निळ्या, काळ्या रेघा खाली सुटलेल्या, वरून कुणी तीन दौती लवंडल्यासारख्या. आणि ह्याला म्हणायचं नकाशा. ना प्रमाण, ना उत्तरेचा बाण!

मी चौतीस वर्षं मोजणी ऑफिसात नकलांच्या टेबलावर काढली आहेत हो. नकाशा कशाला म्हणतात हे मला निदान माझ्या घरात तरी कुणी शिकवू नये.

झालं काय, आमचा अविराज पाच वर्षं अमेरिकेत राहून परत आला आणि आता इथं बारामती एमआयडीसीत नोकरीला लागला, इथवर सगळं चांगलं. पण तिकडं असताना हा सुट्टीच्या दिवशी काय करायचा, तर पायांना लांब लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरायचा. पैसे देऊन. हाच पोरगा लहानपणी काटेवाडीत पाटाच्या शेवाळावरून घसरला होता तेव्हा त्याच्या आईनं वर आणखी दोन लगावल्या होत्या, तेही फुकट. तर त्या प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी म्हणे एक घडीचा नकाशा वाटतात, कुठून घसरायचं त्याचा. हिरवी रेघ नवशिक्यांची, निळी बऱ्यापैकी येणाऱ्यांची, काळी ज्याला घरी परत जायची घाई नाही त्याची. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात, ह्यानं त्रेसष्ट घसरगुंड्यांचे नकाशे आणले.

बरं, आणले तर आणले, कपाटात ठेव. पण आमच्या सूनबाई वृषाली! गुणी पोरगी, त्याबद्दल वाद नाही. फक्त मोबाईलवर घर सजवण्याचे व्हिडिओ बघते. मला म्हणाली, "बाबा, ह्या मेमरीज आहेत. मेमरीज ड्रॉवरमध्ये ठेवायच्या नसतात, डिस्प्ले करायच्या असतात." आणि सुरू झाली ना ती! पहिला नकाशा चिकटवला चहाच्या ट्रेवर, वरून काचेसारखा लेप. म्हणजे मी कप उचलला की खाली शिखर. दुसऱ्याची केली दिव्याची टोपी, त्यामुळं संध्याकाळी आमच्या भिंतीवर बर्फ पडतो. तिसरा… तिसरा तिनं कात्रीनं गोल गोल कापला आणि पेल्यांखाली ठेवायच्या चकत्या केल्या. नकाशा कापला! आमच्या ऑफिसात नकाशाच्या कडेला नुसता घामाचा हात लागला तरी साहेब चष्मा काढून बघायचे. मग जिन्याच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूला एक डोंगर, असे सतरा. डॉक्टर म्हणतात, गुडघे सांभाळा, चढण टाळा. मी कपडे वाळत घालायला रोज सतरा डोंगर चढतो. आणि ना प्रमाण, ना उत्तरेचा बाण.

तेही चाललं असतं हो. पण दिवाणखान्यातल्या मधल्या भिंतीवर माझा नकाशा होता. मौजे काटेवाडी. रीतसर फी भरून नक्कल काढली होती आणि रिटायर झाल्यावर दीड वर्ष, दर रविवारी, मी तो कापडावर स्वतःच्या हातानं उतरवला होता. बांध न् बांध, विहीर न् विहीर. एका सोमवारी बघतो तर भिंतीवर भलामोठा बर्फ आणि माझं गाव गव्हाच्या कोठीमागं, उभं, भिंतीकडं तोंड करून. जयवंताकडं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडं दाद मागितली. म्हणाली, "अहो, त्याच्यात काय बघायचंय? आपलंच गाव हाय की. मोटरसायकलवर दहा मिनटात जा न् खरंखुरं बघून या."



आणि मग रामहरी आला. माझा चुलतभाऊ, काटेवाडीत ऊस आहे त्याचा. वांगी घेऊन आला होता. बसला आणि भिंतीकडंच बघत राहिला. चहा निवला, साय आली, तरी नजर भिंतीवरच. मग हळूच, दाराकडं बघत म्हणाला, "तात्या, रस्ता मंजूर झाला म्हना की."

"कसला रस्ता?"

"ही काळी रेघ कुनाच्या उसातनं जातीया?"

म्हटलं, "रामहरी, अरे तो बर्फ आहे. परदेशातला."

"व्हय, व्हय. बर्फ." आणि डोळा मारला.

इथं माझी नोकरी आडवी आली बघा. आमच्याकडं भिंतीवर रंगीत रेघा दिसल्या की माणूस आधी आपलं रान शोधतो, त्यातनं काय जातंय म्हणून; त्यात भिंत मोजणी ऑफिसातल्या माणसाची. चौतीस वर्षं मी सगळ्यांना एकच सांगितलं, 'मला काही माहीत नाही'. बहुतेक वेळा ते खरंही होतं. ऑफिसातला एक कागद कधी वेळेआधी बाहेर दिला नाही, हा माझा लौकिक, बाकी कमावलंय काय मी? आणि आता गावात बोलणं सुरू झालं, की तात्या रिटायर झाल्यावर सुटला.

सोमवारी चार जण आले. गुरुवारी अकरा. एक तर सुप्याहून आला, जिथं बर्फ राहू द्या, पाणी लागायची मारामार. डोंगरावर माणसं वर न्यायच्या पाळण्यांचे खांब काढलेत ना, त्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही हायटेन्शनची लाईन." जयवंतानं सगळ्यांना चहा आणला, कशातनं, तर त्याच ट्रेमधनं. पहिल्यानं कप उचलला, खाली आणखी एक नकाशा! दुसऱ्यानं पेला उचलला, खाली गोल तुकडा! सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "तात्यांनी तुकडं करून ठिवल्यात. सापडू नये म्हनून." आणि त्यातला एक जण आत गेला, संडासात, तो वीस मिनिटं बाहेरच येईना. मला वाटलं, चहा बाधला का काय. बाहेर आला आणि गंभीरपणे सगळ्यांना म्हणाला, "खरा नकाशा आत हाय."

मी सुनेला म्हटलं, बाई, हात जोडतो, सगळे उतरव. माझी उभ्या आयुष्याची अब्रू त्या घसरगुंडीवरून खाली चाललीय. ती म्हणाली, "बाबा, काढण्यापेक्षा प्रत्येकाखाली माहितीची चिठ्ठी लावू या ना. तुमचं अक्षर किती सुंदर आहे." तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत माझ्या अक्षराला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. मी अट घातली, माझं गाव परत भिंतीवर. ती म्हणाली, चालेल. आणि बसलो लिहायला. पहिलीच चिठ्ठी मोठ्या नकाशाची: 'सदर नकाशा परदेशातील बर्फाचा असून मौजे काटेवाडी येथील कोणत्याही गटाशी त्याचा काहीएक संबंध नाही.' आणि काय सांगू, हाताला सवय हो… खाली सही केली. तारीख घातली.

रामहरीनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. फोटो काढला. मग म्हणाला, "तात्या, संबंध न्हाई असं सहीनिशी लिहून द्यायची पाळी आली, म्हंजी संबंध हाय."

मी त्याचं मनगट धरून त्याला शेजारच्या भिंतीपाशी नेलं, जिथं माझा नकाशा परत लागला होता. म्हटलं, हा बघ खरा. हे तुझं रान, हा तुझा बांध, ही तुझी विहीर, हातानं काढलीय मी. त्यानं बराच वेळ बघितलं. मान तिरकी केली.

"ह्यात रंग न्हाईत," म्हणाला. "ह्यो काय पक्का वाटत न्हाई."

आता काय, बसतो रोज. बासष्ट चिठ्ठ्या उरल्या होत्या, त्यातल्या सतरा झाल्या. सही करत नाही. फक्त प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढतो, कारण बाणाशिवाय नकाशा मला बघवत नाही. उत्तर नेमकी कुठली म्हणून अविराजला विचारलं, तर म्हणाला, "काय माहीत बाबा, आम्ही फक्त खाली बघायचो."

मग मी सगळे बाण स्वयंपाकघराकडं केले आहेत. आमच्या घरात उत्तर तिकडंच आहे.