अकरा पासपोर्ट

—अरे, खाणार आहे का मी तुझा पासपोर्ट? उराशी काय धरून बसलायस किसन, ठेव तो टेबलावर. आईनं सांगितलं असेल, कुणाच्या हातात देऊ नको म्हणून. सगळ्यांच्या आया सांगतात. वसईहून निघताना माझ्या आईनंही सांगितलं होतं, एकोणनव्वद साली, आणि मी आल्या दिवशी दिला. इथली, आखातातली पद्धतच आहे—पासपोर्ट ऑफिसात, बदल्यात लेबर कार्ड, खलास! तू शटरिंगवाला, मी अ‍ॅडमिनवाला, काही फरक नाही. माझासुद्धा त्याच कपाटात आहे, माझ्या पाठीमागं बघ, वरून दुसरा कप्पा. बारा वर्षं झाली. हरवला नाही की उंदरांनी खाल्ला नाही. घाबरायचं काय त्यात? चहा घे.

सवय होते रे. इतकी होते की विचारू नको. सत्त्याण्णव साली कंपनीनं आम्हा अकरा जणांना इंग्लंडला नेलं—हो, इंग्लंडला, हसतोस काय—बर्मिंगहॅमला मशिनरीचं प्रदर्शन होतं. विमानतळावर शिक्का मारून त्या बाईनं पासपोर्ट माझ्या हातात दिला. आणि मी काय केलं? सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून सगळ्यांचे गोळा केले, रबरबँड लावला आणि नेऊन साहेबांपुढं धरले—सर, पासपोर्ट्स. कुणी मागितले होते? कुणीच नाही! तिथं कोण मागतंय? साहेब स्वतः गोरे, ते बघतच राहिले. मग म्हणाले, गुड मॅन, लॅन्सी. आणि ठेवले हॉटेलच्या तिजोरीत.

रविवारी सुट्टी, म्हणून बसनं बाथला नेलं. जुनं शहर आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन लोकांचं न्हाणीघर—गरम पाण्याचं कुंड, हिरवं पाणी, वर वाफ. आपल्या वज्रेश्वरीला आहे तसंच, फक्त तिथं तिकीट, आणि बोटसुद्धा बुडवायचं नाही. साधा चहा दोन पौंड—म्हणजे बारा दिरहम, म्हणजे सव्वाशे रुपये झाले! समोर मोठं चर्च, भिंतीवर दगडी शिड्या आणि शिड्यांवर देवदूत. मी काही बघितलं नाही धड. मला भेटायला माझी बहीण येणार होती ना. कॉन्सेप्टा. तिकडेच कार्डिफला नर्स होती, तासाभराच्या अंतरावर. नऊ वर्षांत भेट नव्हती. आली ती डोक्याला रुमाल बांधून, आणि इतकी बारीक—मी ओळखलंच नाही, बाजूनं पुढं गेलो. तिनं हाक मारली.

चर्चसमोरच्या बाकड्यावर तिनं डबा उघडला. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. वास सुटला तशी शेजारची म्हातारी उठून गेली, आणि आम्ही दोघं हसलो—तेवढंच हसलो त्या दिवशी. मग म्हणाली, मंगळवारी ऑपरेशन आहे, दुसरं. पहिल्या वेळी नवरा होता, आता तोही नाही. तू चार दिवस घरी चल. सही करायला आपलं माणूस असलं की बरं. तिकीट मी काढते. शिक्का तर सहा महिन्यांचा होता! मी गेलो साहेबांकडे. चर्चच्या दारात उभे होते, फोटो काढत. म्हणाले, लीव्ह सँक्शन नाही लॅन्सी, राहिलास तर नोकरीचं मी सांगू शकत नाही. परत आलो आणि तिला म्हटलं, काय करू, पासपोर्ट हॉटेलात आहे. ती डबा बांधायला लागली.

काय? रात्री हॉटेलवरून घेऊन सकाळी जायचं होतं? तिजोरीतून—

कसली तिजोरी? साहेबांनी विमानतळावरच ते परत माझ्या हातात ठेवले होते—मी काय करू यांचं, तूच सांभाळ म्हणाले. अकराच्या अकरा माझ्या खांद्याच्या बॅगेत होते. तिथंच, त्या बाकड्यावर, आमच्या दोघांच्या मध्ये. उरलेली भाकरी तिनं माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घातली, वाटेत खा म्हणून, आणि म्हणाली, जड काय आहे रे एवढं? म्हटलं, कॅटलॉग. चेन उघडायची, एक उचलायचा आणि तिच्याबरोबर चालू पडायचं. कोण अडवणार होतं? पोलीस? साहेब? साहेब तर फोटोच काढत होते! कुणीच नाही अडवलं मला. बसमध्ये चढलो. ती खिडकीखाली उभी राहिली, बस सुटेपर्यंत.

मंगळवारी ऑपरेशन टेबलावरच गेली. सही कुणी केली, कुणास ठाऊक. मी बर्मिंगहॅमला स्टॉलवर उभा होतो, क्रेनची माहिती देत. कंपनीनं नंतर तीन दिवसांची रजा दिली—पगारी. काय करू मी त्या रजेचं? इथं परत येऊन रोल्लाच्या माझ्या खोलीवर पडून राहिलो. भित्रा माणूस आहे मी, दुसरं काय.

बघतोस काय माझ्याकडं असा? तुला कशाला सांगितलं मी हे—चहा गार झाला तुझा. ठेवलास ना शेवटी टेबलावर? मी हात तरी लावला का? इथं सही कर. इथं, खाली. बाहेर तुझ्यासारखाच नवा आलेला प्रकाश उभा आहे, त्याला आत पाठव. जा.