जुळ्याने एकट्याने गिटार करवू नये

नाही, नाही, हौसेला मोल नसतं वगैरे मला सांगू नका! मोलाचं राहू द्या हो, हौसेला निदान मालक तरी असतो की नाही? तुम्हाला सांगतो, स्वतःच्या मापाची, स्वतःच्या हाताला बसेल अशी एक गिटार करवून घ्यायला गेलो मी, आयुष्यात एकदा... आणि तिच्यात अख्ख्या किन्शासाने मत घातलं, फक्त माझं सोडून. गिटार माझी, पण मला विचारतंय कोण!

आता गिटार का हवी, ते ऐका. आमच्या मातोंगे वस्तीत पापा लोक्वांचा ऑर्केस्ट्रा आहे; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात पापाच म्हणतात. त्यांचा सोलो गिटारवाला युरोपात कार्यक्रमाला गेला आणि तिकडेच विरघळला. जागा रिकामी! पापा लोक्वा म्हणाले, "पाऊस सरला की माझ्या भाचीचं लग्न आहे. त्यात ज्याची सेबेने पाहुण्यांना खुर्चीवरून उठवील, तो आपला." सेबेने म्हणजे गायक गप्प होतो आणि गिटार एकटी सुटते ना, ती! अहो, त्यासाठीच तर बोटं झिजवली मी! पण दुसरा उमेदवार बोलाम्बा. त्याच्याकडे दुकानातली चकचकीत गिटार, आणि माझ्याकडे मागून आणलेली, सकाळी सुरात लावली की दुपारपर्यंत रुसणारी.

म्हणून गेलो पापा लांदूकडे. आंब्याखाली एकटा बसतो, एकेक गिटार हाताने घडवतो. रंधा मारता मारता म्हणाला, "नाव?"

"न्झुझी."

रंधा थांबला. आमच्यात जुळ्यांची नावं ठरलेलीच, पहिला न्सिम्बा, दुसरा न्झुझी. "न्झुझी? म्हणजे जुळा! आणि तुझा न्सिम्बा कुठाय?"

"घरी, पापा. झोपलाय. त्याला गिटार येत नाही."

"येण्याचा प्रश्नच कुठे आहे? जुळ्याला एक वस्तू दिली की दुसऱ्याला तशीच द्यायची. मागे एका जुळ्याला एकटी गिटार करून दिली, तर भावाला ताप आणि गिटारीच्या मानेला बाक! दोन करीन, नाहीतर एकही नाही."

आता हा पापा लांदू स्वतः जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेला, त्याचं नावच तसं! लहानपणापासून वरच्या दोघांच्या वाटण्या बघत मोठा झालेला, त्याच्याशी वाद काय घालणार? आईकडे दाद मागायला गेलो, तर ती पोंडूच्या भाजीचा पाला कांडता कांडता म्हणते, "माझ्या पोटात एकाच खोलीत राहिलात की रे दोघं, आणि आता गिटारीवरून भावकी?" झालं! जुळ्यांच्या आईला उलट बोलायची आमच्यात कुणाची टाप आहे?

मग सुरू झाला तमाशा. मला नुसतं लाकूड हवं होतं, वेंगेचं, काळंभोर, रंगाशिवाय. न्सिम्बा उठला, जांभई दिली, म्हणाला, "लाल. माझ्या सुटावर लालच शोभेल." म्हणजे दोन्ही लाल! मग पापा लांदूने मापं घेतली. गिटार पोटाला टेकते ना, तिथे मागून खोलगट कोरायचं. मी हा असा काटकुळा, न्सिम्बाचं पोट हे एवढं! पापा म्हणाला, "भेद नको," आणि काढली की हो दोघांची सरासरी! म्हणजे माझ्या पोटाशी फट, त्याच्या पोटाला चिमटा! मी म्हटलं, "पापा, वाजवणार मी आहे." म्हणाला, "हं... लाकडाला मन असतं." अहो, मला नाही का? गिटार माझी, पण मला विचारतंय कोण!

आवाज उचलणारे पिकअप मात्र त्याच्याकडे एकाच गिटारीपुरते होते. दुसरी मुकी. पण वायर खुपसायचं भोक तिलाही पाडलं, रुसायला नको म्हणून! मी म्हटलं, निदान बोलकीवर खूण करतो. केवढ्यांदा ओरडला! "खूण? खूण म्हणजेच भेद!"

आला लग्नाचा दिवस. न्सिम्बा लाल सुटात, गळ्यात लाल गिटार, "जुळे एकत्रच उभे राहतात" म्हणून माझ्या शेजारी. बोलाम्बा वाजवून गेला, बरंच वाजवलं मेल्याने. माझी पाळी. गायक गप्प झाला, मी तारा छेडल्या... आणि काही नाही! शुकशुकाट! बोलकी गेली होती न्सिम्बाच्या गळ्यात!

"काढ, काढ लवकर!" मी दात दाबून म्हटलं. तो म्हणतो, "सुटाला हात लावायचा नाही!" पट्टा कोटाच्या बटणांत अडकलेला, गिटार पोटात रुतलेली, पापा लोक्वांनी बोलाम्बाला पुन्हा बोलवायला हात वर केलेला... मी माझी मुकी खाली ठेवली, वायर न्सिम्बाच्या गिटारीत खुपसली, त्याच्या मागे गेलो, दोन्ही काखांखालून हात घातले आणि वाजवायला लागलो!

आणि काय वाजवलं! देवाशपथ, जन्मात असं वाजवलं नव्हतं. पण दिसत होता कोण? न्सिम्बा! खांदे उडवतोय, बत्तिशी दाखवतोय, पोट माझ्या तालावर हलतंय... पाहुणे उठले, आज्या उठल्या, नवरी उठली! लोक येऊन बक्षिसाच्या नोटा डकवतायत, कुणाच्या कपाळावर? न्सिम्बाच्या! माझं कपाळ त्याच्या पाठीत रुतलेलं, त्याला कोण विचारतो!

पापा लोक्वांनी त्याला मिठी मारली. "न्सिम्बा, जागा तुझी!"

मी मागून मान बाहेर काढली. "पापा... आणि मी?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू? बरं, तूही ये. जुळ्यातल्या एकालाच कसं घेणार? दुसरा रुसला म्हणजे ऑर्केस्ट्राला साडेसाती!"

तर आता मी आहे त्या ऑर्केस्ट्रात. गिटार माझी, बोटं माझी, पण मला... जाऊ द्या. मातोंगेत सगळीकडे आमचं पोस्टर लागलंय, बघा कधी. मधोमध न्सिम्बा हसतोय. त्याच्या काखेखालून नीट बघितलंत ना, तर दोन हात दिसतील. ते माझे.