रिपोर्ट दादाच्या नंबरवर

हॅलो? … हॅलो, दादा? … हो, नीलूच. नीलांबरी. तुझी बहीण, सावेडीहून बोलतेय. ओळखलंस ना? की तेही ग्रुपवर विचारून सांगतोस?

… रागावू नको तर काय ओवाळू तुला? आधी तो टीव्ही बंद कर. … कीर्तन असलं तरी बंद कर. … हो, देव माफ करील. मी नाही करणार.

माझा रिपोर्ट आला ना? … 'बघतो' नको. आला की नाही, एवढंच सांग. … कधी? … परवा?! अरे, काल मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? 'लॅबचा सर्व्हर बंद आहे गं.' सर्व्हर! हा शब्द कुणी शिकवला तुला? … अनन्यानं? शाब्बास! लेकीलाही खोट्यात ओढलंस.

… मला कसं कळलं? सूर्यभानकाकांचा फोन आला. हो, तुमच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले! 'ताई, लई वाईट वाटलं. घाबरू नका, आमी समदे हाय.' म्हटलं, काका, झालं काय? तर म्हणाले, 'तुमचा रिपोर्ट ग्रुपवर आला न्हवं का.' दादा, फोडणी तशीच राहिली माझी. मोहरी जळून कोळसा झाली. वर विचारतात, 'तुमच्याकडं नसला तर धाडू का?' म्हणजे माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मी पखवाजवाल्यांकडून मागून घ्यायचा?

… प्रार्थनेसाठी टाकलास? अरे, प्रार्थनेला पीडीएफ कशाला लागते?

… नाही, ऐक… ऐक ना! त्यात माझं नाव, माझं वय, गाठ कुठल्या बाजूला, सगळं लिहिलेलं असणार. आणि ते वाचलं कुणी? टाळकऱ्यांनी, पेटीवाल्यांनी, त्या मंडपवाल्या कानिफनाथनं! सगळ्यांनी खाली हात जोडलेत म्हणे. उद्या मी सप्ताहाला त्या माणसांसमोर कशी बसू, सांग.

… हे बघ, पूर्वरंग पुरे झाला तुझा. मुद्द्यावर ये. लॅबमध्ये तुझा नंबर का दिलास? … सवयीनं! बाबा गेल्यापासून गॅसला तुझा नंबर, विजेच्या बिलाला तुझा नंबर, मी कधी काही बोलले? पण सुई माझ्या अंगात घातली ना? मग मेसेज तुझ्या खिशात कसा वाजला?

… मला जमणार नाही? कोरोनात अख्खा वर्ग मोबाईलवर शिकवला मी! रोज सकाळी कीर्तन कोण लावतं त्यावर? तू येऊन लावतोस संगमनेरहून?

… सोय वाईट आहे असं कुठं म्हणतेय मी? पुण्याचे डॉक्टर घरबसल्या दिसतात, एसटीचे धक्के वाचतात, चांगलंच आहे. पण ते माझ्या घरी दिसायला हवेत ना! आज पाचला त्यांचा व्हिडिओ आहे. लिंक कुठं आलीय? … तुझ्याकडं. वाटलंच. आणि तू काय ठरवलं होतंस? … एकटा बसणार होतास? … 'आधी मी ऐकतो, मग तुला बेताबेतानं सांगतो'? आख्यान लावायचं होतं का माझ्या दुखण्याचं? आणि डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का, तर काय सांगणार होतास?

… दादा? … बोल ना. … दादा, रडतोयस? … अरे… नाक पूस आधी. वहिनी आहे का जवळ? … तिलाही सांगितलं नाहीस? बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि मंडळाला सांगितलंस. धन्य आहेस बाबा.

… कळतं रे. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून तिथं टाकलास. कळतं मला. पण राग गेलेला नाही माझा, सांगून ठेवते.

… नाही! काय लिहिलंय ते तू सांगू नकोस. … नको म्हटलं ना! डॉक्टर सांगतील.

पाच वाजत आले. लिंक पाठव मला. … त्या मेसेजवर बोट ठेव. दाबून धर. … आता वर बाण दिसतो? … नाही कसा दिसत? ग्रुपवर पाठवताना बरा सापडला बाण! … हं. आता नाव निवड. … थांब! थांब, दाबू नकोस! नाव वाच आधी. … 'नामगजर मंडळ'? अरे पांडुरंगा! पखवाज घेऊन बसतील ते डॉक्टरांसमोर! खाली जा. … अजून खाली. … 'नीलू सावेडी'. हो, तीच मी. तिला पाठव.

… आली. आली रे.

… नाही, तू येऊ नकोस त्यात. … एकटी नाही, डॉक्टर आहेत ना. … नाही म्हणजे नाही, दादा. आधी मी ऐकणार. मग तुला फोन करीन, तू वहिनीला सांग. मंडळाला काय सांगायचं ते नंतर मी ठरवीन. आणि तो रिपोर्ट तिथून पुसून टाक. … हो, नामजप चालू ठेवा. त्याला कुठं नको म्हणतेय मी?

… देवाच्या कानावर घालायचं होतं? … देवाला आधीपासून माहीत होतं रे, दादा. माहीत नव्हतं ते मलाच.

ठेवते. डॉक्टर आले.